विलायती कोंडवाडा

"सांगून उपयोग न्हाय," भरमाण्णा म्हणाला. "कोगनोळीत कुणी मानणार न्हाय, निपाणीत न्हाय, संकेश्वरात तर न्हायच न्हाय. खुद्द देव खाली उतरला आणि त्याला सांगितलं, तरी तो म्हणंल, भरमा, जरा कमी कर."

"मग सांगू नको," मष्णू म्हणाला आणि हातातल्या परदेशी बिस्किटाचा वास घेऊन एक तुकडा चावला.

मष्णू शेजारचाच. सरकारी बसवर तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. खोटा पास तो हातात घ्यायच्या आधी, धरणाऱ्याच्या बोटांवरून ओळखायचा, आणि भरमाण्णाच्या गोष्टींकडं बघायची त्याची नजर तीच होती. जांबोटीच्या रानात अस्वलानं आपल्याला वाट दाखवली, असं भरमाण्णानं एकदा रंगवून सांगितलं, तेव्हा मष्णूनं एवढंच विचारलं होतं, "अस्वलाचं तिकीट कुठनं कुठलं?"

"मनूनं माझं नाव घेतलं," भरमाण्णा म्हणाला.

मष्णूचं चावणं थांबलं. उंबऱ्याशी बसून लसूण सोलणाऱ्या त्याच्या बायकोनं, मालुबाईनं, मान वर केली. आत स्वयंपाकघरात गॅसवर चहाचं आधण घुमत होतं आणि भरमाण्णाच्या बायकोच्या, मनुबाईच्या, बांगड्या वाजत होत्या, त्या मात्र वाजत राहिल्या. तिला ऐकू गेलं नसावं.

भरमाण्णा आणि मनुबाई हॉलंडात नातीकडं, पूर्णिमाकडं, तीन आठवडे राहून आले त्याला आठ दिवस झाले होते. तेवढ्या दिवसांत विमान, बर्फ, सायकली हे सगळं सांगून संपलं होतं. हे मात्र भरमाण्णानं राखून ठेवलं होतं.

मनुबाई या घरात आली त्याला एकावन्न वर्षं झाली, आणि एकावन्न वर्षांत तिच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघालेलं नव्हतं. तिच्या वयाच्या बऱ्याच बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण मनुबाईचं सोवळं त्यांच्याहून कडक. नावाच्या जवळपास फिरकणारा शब्दसुद्धा ती वळसा घालून टाळायची. त्या घरात वांग्याचं भरीत कधी शिजलं नाही. शिजलं ते 'भाजलं वांगं'. घागर ती भरायची नाही, 'काठाला आणायची'. लग्नात उखाणा घ्यायला बसवली, तर 'ह्यांचं नाव घेते' इथपर्यंत येऊन उठली ती उठलीच. हॉलंडाला जायच्या आधी व्हिसाच्या कचेरीत काचेमागच्या पोरीनं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा तिनं शेजारच्या खुर्चीकडं बोट केलं. पोरीनं पुन्हा विचारलं, तर म्हणाली, "कागदावर लिवलंय की बाई, वाच."

पूर्वी भरमाण्णाला याचं काही वाटत नसे. पण आई गेली, थोरला भाऊ गेला, आणि नुसतं 'भरमा' म्हणणारं माणूसच घरात उरलं नाही. आण्णा, आप्पा, आज्जा, काका, सगळं झालं. भरमा कुठं राहिला नाही. तेव्हापासून हे त्याला कुसळासारखं टोचायला लागलं. एकदा त्यानं बायकोला विचारलंही होतं, "मी गेल्यावर तरी नाव घेऊन रडशील का?" त्यावर ती म्हणाली होती, "रडायला नाव कशाला लागतंय?"

मष्णूला हे सगळं ठाऊक होतं.

"भरमाण्णा," तो म्हणाला, "वैनीच्या तोंडनं, माझ्या ह्या कानानं ऐकलं, तर खरं. न्हायतर खोटा पास."

"ऐक तर आधी."

आणि भरमाण्णानं मांडी बदलली.

कोंडवाडा होता तो, त्यानं सुरुवात केली. आपल्याकडं दुसऱ्याच्या पिकात शिरलेलं जनावर कोंडवाड्यात घालतात, मग मालक रडतकढत येऊन सोडवून नेतो. तिकडं माणसं आपल्या पायानं येतात, तिकीट काढतात आणि स्वतःला कोंडून घेतात. तासाभरात किल्ल्या हुडकायच्या, कुलपं काढायची आणि बाहेर पडायचं. त्याला एस्केप रूम म्हणतात. आत नाटकातली माणसं सोडलेली असतात. ती भुताची सोंगं घेऊन अंगावर येतात, माणसाला ओढून नेतात, आणि माणूस ओरडला की खूश होतात.

"आणि हे तुला नातीनं दाखवलं?" मष्णूनं विचारलं.

"तिला वाटलं, आज्जाला बरं वाटंल. जागा कुठली होती म्हाईत हाय? तंबाखूची वखार."

हे मात्र खरं होतं. निपाणीच्या वखारीत एकतीस वर्षं तंबाखू पारखलेल्या माणसाला पूर्णिमानं सातासमुद्रापलीकडं नेऊन पुन्हा तंबाखूच्याच वखारीत उभं केलं होतं. विटांची जुनी इमारत, वर पत्रा, आत काळोख. खेळातली गोष्ट अशी की, इथं एक मुकादम होता, तो कामगारांना आत कोंडून घरी जायचा. पुढं तो मेला, पण त्याची कोंडायची खोड गेली नाही. मनुबाईनं हे ऐकून म्हटलं होतं, "आमच्याकडं मुकादम जिवंतपणीच कोंडायचे."

दारातल्या मेजाशी एक सोनेरी केसांची पोरगी बसली होती. तिनं सह्या घेतल्या, पिशव्या कपाटात ठेवायला लावल्या आणि मग एक कागद पुढं सरकवला. पूर्णिमानं आजीला समजावून सांगितलं. आत कुणाला सोसेना झालं तर एक शब्द म्हणायचा. तो शब्द कुणीही म्हटला, की त्या क्षणी दिवे लागतात, दारं उघडतात आणि भुतं टोप्या काढून पाणी विचारतात. पण 'वाचवा', 'पुरे', 'आई गं' असलं काही चालत नाही, कारण ते माणूस खेळतानाही ओरडतं. चुकून कधी तोंडातून जाणार नाही, असा शब्द पाहिजे.

"आज्जी, असा शब्द सांग," पूर्णिमा म्हणाली, "जो तू मेलीस तरी म्हणणार न्हाईस."

मनुबाईनं पदर सारखा केला. जरा लाजली. मग मान न वळवता नुसत्या हनुवटीनं नवऱ्याकडं खूण केली.

पूर्णिमाला इतकं हसू आलं, की तिला कागदावर नीट लिहिता येईना. त्या सोनेरी पोरीनं ते अक्षर लावून लावून मोठ्यानं वाचलं: "बार्मा." भरमाण्णानं तिच्याकडून ते तीनदा म्हणून घेतलं आणि सुधारून दिलं. पण त्याच्या छातीत तेव्हाच काहीतरी हललं होतं. एकावन्न वर्षांत जे उखाण्यानं झालं नाही, देवानं झालं नाही, सरकारच्या कागदानं झालं नाही, ते या कोंडवाड्यात होईल. फक्त आपण तोंड मिटून राहायचं.

"म्हंजे तू बायकोला घाबरवायला आत गेलास," मष्णू म्हणाला.

"मी काय केलं? शब्द तिनंच दिला."

दार बंद झालं. मागून अडणा पडल्याचा आवाज आला. भिंतीवर एक घड्याळ होतं, लाल आकड्यांचं, ते साठावरून उलटं पळायला लागलं. काळोखाला डोळे सरावले तशी पोती दिसायला लागली, छताला भिडलेली. भरमाण्णानं सवयीनं एका पोत्यात हात घातला, मूठ नाकाशी नेली, आणि त्याला जरा धीर आला. तंबाखू नव्हता, कसला तरी वाळलेला पाला होता. मालच खोटा, तर मुकादम कुठला खरा असणार? तो हे बायकोला सांगायला वळला आणि तेव्हा त्याला आठवलं, की मनुबाईचा दम्याचा पंप पिशवीत आहे, आणि पिशवी बाहेर कपाटात.

मनुबाईलाही वखारीतलीच देणगी होती ती. लग्नानंतर सहा वर्षं तिनंही तंबाखू चाळला होता. धुरळा आत जाऊन बसला, तो धूर दिसला की अजून जागा होतो.

"पूर्णिमा," तो हळूच म्हणाला, "पंप बाहेर ऱ्हायला."

पूर्णिमा पोत्यांच्या शिवणीत किल्ली चाचपत होती. ती काही बोलणार, तोच पोत्यांची एक अख्खी थप्पी दारासारखी उघडली आणि मुकादम आत आला.

"किती उंच?" मष्णूनं विचारलं.

"सात फूट."

"भरमाण्णा."

"साडेसहा. टोपी धरून."

काळा लांब कोट, डोक्यावर मुकादमाची टोपी, कमरेला किल्ल्यांचा घोस. तो घाईनं चालत नव्हता. एकेक पाऊल टाकायचा, थांबायचा, आणि थांबला की किल्ल्या वाजायच्या. तिघांसमोर आला, हात पुढं केला आणि घोगऱ्या आवाजात काहीतरी मागितलं. कागद मागत असावा.

आता महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरच्या नाक्याजवळ राहणाऱ्या माणसाची एक सवय असते. टोपी घातलेल्या कुणीही अडवलं, हात पुढं केला, की त्याचं तोंड आपोआप कानडीत उघडतं. करोनाच्या साथीच्या वर्षी नाक्यावर तपासणीचा कागद नव्हता म्हणून भरमाण्णा चार तास बसला होता, तेव्हापासून तर ही सवय रक्तात गेली होती. त्यानं दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, "नमस्कार री सायबरऽ. नावु कोगनोळीयवरु री."

आम्ही कोगनोळीचे. हॉलंडातल्या भुताला.

मुकादम थबकला. त्याच्या पाठांतरात हे नव्हतं. त्यानं भरमाण्णाकडं बघितलं, भरमाण्णानं त्याच्याकडं, आणि मनुबाईनं मागून नवऱ्याला कोपर मारून कानडीतच सुचवलं, की साहेबांना सांगा, म्हाताऱ्या माणसांना सोडा. मालुबाई इथं पदर तोंडाला लावून हसली. पण भरमाण्णा हसत नव्हता, कारण त्या दिवशीही तो पुढं हसला नव्हता. मुकादमानं पूर्णिमाच्या दंडाला धरलं, आणि बघता बघता तिला घेऊन पोत्यांच्या आड गेला. थप्पी बंद झाली. पूर्णिमाची किंकाळी आली, मग हसू आल्यासारखं काहीतरी, मग काहीच नाही.

घड्याळात एकेचाळीस होते.

आता दोघंच राहिले, दोघांनाही तिथली भाषा येत नव्हती, आणि पंप बाहेर होता.

त्यांनी हुडकलं. मनुबाईला एका तराजूच्या पारड्याखाली किल्ली सापडली, ती तिनं कोपऱ्यातल्या जाळीच्या दाराला लावली. दार उघडलं, ती पलीकडं गेली, आणि दार तिच्यामागं आपसूक बंद झालं. कडी लागल्याचा आवाज झाला. किल्ली अलीकडं, कुलपातच. पण आता ती फिरेना. भरमाण्णानं दोन्ही हातांनी जोर लावला. त्याच वेळी जमिनीच्या फटींतून धूर यायला लागला, पांढरा, गुडघ्याएवढा, थंड.

"खोकली?" मष्णूनं विचारलं. बिस्कीट त्यानं बशीत ठेवून दिलं होतं.

"लगेच न्हाय."

मनुबाईच्या खोकल्याला तीन पायऱ्या होत्या आणि त्या भरमाण्णाला तोंडपाठ होत्या. पहिला कोरडा, नुसता घसा खाजवल्यासारखा. मग छातीतून शिटी वाजायला लागते. शिटी वाजत असते तोवर बरं, आत हवा जातेय असा त्याचा अर्थ. शिटी थांबली की भ्यायचं. पंधरा वर्षांपूर्वी एका पहाटे शिटी थांबली होती, तेव्हा त्यानं तिला उसाच्या ट्रॅक्टरवर घालून निपाणीला नेलं होतं.

घड्याळात बावीस होते तेव्हा कोरडा खोकला सुरू झाला. जाळीपलीकडं तिची पांढऱ्या ठिपक्यांची साडी तेवढी दिसत होती, कमरेपासून वर. खालची मनुबाई धुरात गेली होती.

"म्हण," भरमाण्णा म्हणाला. "शब्द म्हण, म्हंजे सोडतील."

तिनं मान हलवली. नाही.

"अगं, खेळ हाय ह्यो. पूर्णिमानं सांगितलंय न्हवं? एकदाच म्हणायचं."

"तुम्हीच म्हणा की," ती खोकता खोकता म्हणाली. "तुमचंच हाय ते."

आणि हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं स्वतः म्हटलं असतं तरी दिवे लागले असते. तीन अक्षरं. जन्मभर सातबाऱ्यावर, पगाराच्या वहीवर, बँकेत, नाक्यावर त्यानं ती हजारदा म्हटली होती. जिभेच्या टोकाशी येऊन बसली होती आत्ताही. पण त्यानं दात आवळले. आज नाही तर कधीच नाही. परत घरी गेल्यावर पुन्हा 'अवो' सुरू होणार, आणि एक दिवस कुणीतरी आधी जाणार.

"अवो आण्णा," मालुबाई न राहवून म्हणाली, "बाई गुदमरायला लागल्या नि तुम्ही नावाला धरून बसलासा?"

"बसलो," भरमाण्णा म्हणाला. "खोटं कशाला सांगू."

 मष्णू भरमाण्णाच्या बोटांकडं बघत होता, पास धरणाऱ्याच्या बोटांकडं बघावं तसा. बोटं गुडघ्यावर थरथरत होती. ते सोंग नव्हतं.

सतरा. शिटी वाजायला लागली. बारीक, चहाच्या किटलीला चीर गेल्यासारखी. मनुबाई जाळीला धरून उभी होती आणि तिच्या मागं धुरात आणखी कुणीतरी उभं होतं. बाईचं भूत, पांढऱ्या तोंडाचं, केस सोडलेलं. ते तिच्या खांद्यापर्यंत आलं. मनुबाईनं वळूनही बघितलं नाही. ती भरमाण्णाकडंच बघत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. एकावन्न वर्षं मिटले होते तसेच.

"मनू," तो म्हणाला, "हट्ट सोड."

शिटी. मग जरा थांबून शिटी. मग त्या पांढऱ्या तोंडाच्या बाईनं मनुबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला मागं धुरात ओढलं. साडी दिसेनाशी झाली. जाळीवर चार बोटं राहिली होती, तीही सुटली.

भरमाण्णा कान देऊन उभा राहिला.

शिटी थांबली होती.

 मालुबाईच्या हातातली लसणाची पाकळी हातातच राहिली. भरमाण्णा बोलता बोलता थांबला आणि त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं एक नजर टाकली. आतल्या बांगड्या वाजायच्या बंद झाल्या होत्या. चहा गाळला जात नव्हता. दाराच्या फटीत पांढऱ्या ठिपक्यांच्या साडीची एक कड दिसत होती.

त्यानं घसा साफ केला आणि आवाज चढवला, इतका, की समोर बसलेल्या दोन माणसांसाठी तेवढ्याची काही गरज नव्हती.

"मी हललो न्हाय," तो म्हणाला. "छाती पुढं काढून, हाताची घडी घालून उभा ऱ्हायलो. म्हटलं, भरमाण्णा, आता माघार घ्यायची न्हाय. बाहेरचा तो मुकादम घामाघूम, आतली भुतं रडायला लागलेली, नात दार बडवाय लागलेली, पण मी आपला खांबासारखा. दहा ऱ्हायली. पाच ऱ्हायली. आणि मग मष्णू, त्या धुरातनं मनू आली. गुडघ्यावर. दोन्ही हात जोडलेलं."

"हात जोडलेलं?" मष्णू म्हणाला.

"जोडलेलं. डोळ्याला पाणी. आणि सगळ्या वखारीला ऐकू जाईल अशी म्हणाली..."

दार भिंतीवर आपटलं. मनुबाई उंबऱ्यात उभी होती, एका हातात गाळणं, त्यातून चोथ्याचं पाणी फरशीवर गळत होतं.

"हात कुणी जोडलं?" ती म्हणाली. "कवा जोडलं? मष्णूभावजी, एक अक्षर खरं मानू नगासा. ती सोंगाची पोरगी लई चांगली हुती, तिनं मला मागं नेऊन खुर्ची दिली, पाणी पाजलं, धूर बंद करायला लावला. मी बसून पाणी पीत हुतो, म्हणून खोकला थांबला. आनि हे हिकडं जाळीवर डोस्कं आपटून घ्यायलेत. लहान पोरागत रडायलेत. दिवं लागलं, दार उघडलं, तो सात फुटी बाबा टोपी काढून ह्यांस्नी धरायला आला, तरी ह्यांचं आपलं चालूच, भरमा, भरमा, भरमा. सगळं हॉलंड गोळा झालं. आनि म्हणं मी नाव घेतलं. मी कवा म्हनलो भरमा?"